सुई जुनी चालेल, पण आपली हवी

विणकाम हा कमी भांडवलाचा धंदा आहे, असे सगळेच सांगतात. ते कमी भांडवल कोणाच्या खिशातून येते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. सुई, लोकर आणि सूत ज्याच्या मालकीचे, मजुरीचा दरही तोच ठरवतो, हा या धंद्याचा जुना नियम आहे. म्हणून पेण आणि रोहा परिसरात विणकाम करणाऱ्या भगिनींना आणि त्यांना सामान पुरविणाऱ्या दुकानदारांना आमचे सांगणे असे की, सामान जुने असले तरी चालेल, पण ते स्वतःचे असले पाहिजे.

घरी बसून चार पैसे मिळविणे या दोन्ही गावांना नवे नाही. पेणचे पापड आणि पोहे घराघरांतून तयार होऊनच दूरच्या बाजारात पोहोचले. गणेशमूर्तींच्या कारखान्यांनी पेणचे नाव परदेशात नेले. रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत आहे. तेथे मुख्यतः रसायनांचे कारखाने असल्याने घर सोडून जाऊ न शकणाऱ्या बाईच्या हाताला तेथे काम मिळणे कठीण. अशा घरांत दुपारच्या वेळी सुया हातात घेतल्या जातात. बाळाचा स्वेटर, टोपरे, मोजे, क्रोशाचे रुमाल, दाराची तोरणे, नमाजच्या जाळीदार टोप्या असा माल तयार होतो. हुन्नर आहे, वेळही आहे. अडते ते सामानापाशी.

अशा वेळी दोन वाटा समोर येतात. पहिली, ठेकेदाराकडून सूत घ्यावे आणि नगावर मजुरी घ्यावी. दुसरी, कर्ज काढून नवे सामान किंवा एकदम मशीनच आणावे. पहिल्या वाटेने भाव हातातून जातो आणि दुसऱ्या वाटेने झोप जाते. तिसरी वाट जुन्या सामानाची आहे. ती कमीपणाची समजली जाते, म्हणून तिच्याकडे कोणी नीट पाहत नाही.

सूत ज्याचे, भाव त्याचा

आंध्र प्रदेशातील नरसापूरचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. गोदावरीच्या मुखाजवळच्या या भागात एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी क्रोशाच्या लेसचे काम शिकविले. पुढे त्याचा मोठा निर्यात धंदा झाला आणि २०२४ साली तेथील लेसला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु १९८२ साली मारिया मीस या जर्मन अभ्यासक महिलेने तेथील लेस विणणाऱ्या बायकांवर पुस्तक लिहिले, तेव्हा त्यातून वेगळेच चित्र पुढे आले. सूत व्यापाऱ्याकडून यायचे, दलालामार्फत घरोघरी जायचे आणि विणून झालेला माल त्याच वाटेने परत जायचा. बाई दिवसभर काम करी, पण तिची गणना कामगारांत होत नसे. तिला फावल्या वेळात विणणारी गृहिणी समजले जाई. सुई तिची होती, पण सूत तिचे नव्हते, आणि बाजार तर तिने पाहिलेलाही नव्हता.

बांगलादेशातील बोगुरा जिल्ह्यात खेड्यापाड्यांतील बायका क्रोशाने जाळीच्या टोप्या विणतात आणि त्या टोप्या आखाती देशांपर्यंत जातात. धंदा म्हणून ही गोष्ट कौतुकाची आहे. एका क्रोशावर आणि सुताच्या रिळावर हजारो घरांना काम मिळू शकते, हे तेथे सिद्ध झाले आहे. आपल्याकडे दुकानात टोपी घेताना ती कोठून आली, याची चौकशी आपण करतो का? ती पेणमध्येही विणता येईल. मात्र विणणारीच्या घरात दोन महिन्यांचे सूत स्वतःचे असेल, तरच तिला व्यापाऱ्यापुढे, ‘या भावात परवडत नाही’ असे म्हणता येईल. स्वस्तात सामान मिळविण्याचा प्रश्न यामुळे केवळ काटकसरीचा राहत नाही.

काय जुने घ्यावे आणि काय नवे

सगळेच जुने स्वस्त पडते, हा गैरसमज आहे. सामानाचे तीन भाग करून पाहावे.

पहिला भाग सुया आणि क्रोशा. एक सुटी जोडी नवीही फार महाग नसते. खर्च होतो तो सर्व मापांचा संच जमविताना. म्हणून रोज लागणारी दोन मापे नवी घ्यावीत आणि क्वचित लागणारी मापे जुन्यात शोधावीत. अॅल्युमिनियमची सुई वीस-तीस वर्षे सहज टिकते. ज्या घरात आजी विणत होती, त्या घरात ट्रंकेच्या तळाशी असा संच पडून असतो आणि घरच्यांना त्याची किंमत नसते.

दुसरा भाग लोकर आणि सूत. शिकण्यासाठी आणि घरच्या वापरासाठी जुनी, उसवलेली लोकर उत्तम. विकण्याच्या मालासाठी शक्यतो नवी किंवा दुकानातील शिल्लक लोकर वापरावी. तान्ह्या बाळाच्या कपड्यासाठी तर नवीच घ्यावी. गिऱ्हाईक तेथे तडजोड करीत नाही आणि त्याने ती करूही नये.

तिसरा भाग यंत्रांचा : लोकर गुंडाळण्याचे यंत्र, शिलाई मशीन, विणकामाचे हातमशीन. खरी बचत येथे आहे आणि फसगतीचा धोकाही येथेच आहे.

माल कोठे मिळतो

पहिली जागा आपल्याच मोहल्ल्यात आहे. विणणे सोडून दिलेल्या बायका, दुकान बंद केलेले दर्जी, शिवणवर्ग चालवून थांबलेल्या शिक्षिका यांच्याकडे सामान पडून असते. शाळेच्या किंवा जमातीच्या बैठकीत नुसते विचारले, मोबाईलवरच्या गटात दोन ओळी टाकल्या, तरी बरेच बाहेर येते. दान म्हणून कोणी दिले तर आनंदाने घ्यावे. पण जी स्वतः गरजू आहे तिच्याकडून घेताना योग्य किंमत द्यावी.

दुसरी जागा बोहारीण. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी ही बाई आता पूर्वीइतकी दारावर येत नाही, पण तिचा धंदा संपलेला नाही. तिच्या गाठोड्यात लोकरी स्वेटर आला की तो शहरातील जुन्या कपड्यांच्या बाजारात जातो. त्याआधीच तिला सांगून ठेवले, ‘लोकरीचे काही आले तर आधी मला दाखव’, तर तिचाही फायदा आणि आपलाही. कोकणात थंडी थोडी असल्याने असे कपडे कमी निघतात, हे खरे. मात्र मुंबई-पुण्याहून सुट्टीत येणाऱ्या नातेवाइकांच्या घरी ते असतात. ते फेकून देण्याऐवजी गावी आणावेत, एवढेच त्यांना सांगायचे.

तिसरी जागा हंगामानंतरचे दुकान. लोकर विकणारा दुकानदार दिवाळीच्या सुमारास माल भरतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत त्याच्याकडे रंगांचे एक-एक, दोन-दोन गुंडे शिल्लक राहतात. ते पुढच्या वर्षापर्यंत सांभाळण्यापेक्षा कमी भावात देणे त्यालाही परवडते. येथे अडचण एकच. गुंड्याच्या चिठ्ठीवर रंगाच्या घाण्याचा नंबर असतो. रंग तोच दिसला तरी नंबर वेगळा असेल तर विणल्यावर छटेचा फरक उघड दिसतो. अशा वेळी दोन गुंडे घेऊन दोन-दोन ओळी आलटून पालटून विणाव्यात. फरक वीणभर पसरतो आणि डोळ्यांना खटकत नाही.

चौथी जागा मोठे शहर. रोहा, नागोठणे, पेण येथून पनवेलमार्गे दिव्याकडे जाणाऱ्या गाड्या आहेत. पनवेलला उतरून हार्बर लोकलने सँडहर्स्ट रोडला गेले की भेंडी बाजार जवळ. तेथील मटन स्ट्रीटचा चोर बाजार जुन्या यंत्रांसाठी प्रसिद्ध आहे. भेंडी बाजाराचा पुनर्विकास चालू असल्याने जुन्या पत्त्यावर विसंबून जाऊ नये, आधी चौकशी करावी. पुण्याचा जुना बाजार बुधवार आणि रविवारचा बाजार म्हणूनच ओळखला जातो. परंतु दोन सुयांसाठी मुंबई गाठणे हा शहाणपणा नव्हे. चार-पाच जणींनी यादी करून एकालाच पाठवावे आणि गाडीभाडे वाटून घ्यावे, तरच ती खरेदी स्वस्त म्हणता येईल.

परदेशातून पूर्वी लोकरी कपड्यांच्या गासड्या पानिपतला मोठ्या प्रमाणात येत. जुन्या लोकरीचे धागे सोडवून पुन्हा सूत काढण्याची ही रीत १८१३ च्या सुमारास इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात बेंजामिन लॉ याने सुरू केली आणि पुढे पानिपत हे तिचे जगातील मोठे केंद्र झाले. तेथून स्वस्त ब्लँकेटे देशभर गेली. पॉलिस्टरच्या ब्लँकेटांनी आता त्या धंद्याला मोठा धक्का दिला आहे. आपल्या दृष्टीने एक गोष्ट महत्त्वाची. तेथे जाणारा माल चिरलेल्या चिंध्यांचा असतो, त्यामुळे तो हाताने उसवण्याच्या कामाचा नाही. कोणी ‘परदेशी लोकर’ म्हणून असा माल किलोवर देऊ लागला तर आधी गासडी उघडून पाहावी.

घेण्यापूर्वी तपासणी

कोकणची खारी, दमट हवा पोलादाची वैरी आहे. पोलादी क्रोशाच्या आकड्यात गंज धरला असेल तर तो सुताचे तंतू ओढतो आणि माल पहिल्याच दिवशी जुना दिसू लागतो. तपासण्याची रीत सोपी आहे. सुईवरून कापसाचा पुंजका फिरवावा. जेथे तंतू अडकतो तेथे खरखर आहे असे समजावे. वरवरची खरखर बारीक पॉलिश पेपरने घासून आणि मेण लावून जाते. आकड्याच्या आत खड्डा पडला असेल तर ती सुई फुकटही घेऊ नये. केबलच्या गोल सुईत सुई आणि केबल यांचा सांधा बोटाने चाचपावा. केबलला पडलेला पीळ गरम पाण्यात बुडवून सरळ करता येतो, पण उघडलेला सांधा दुरुस्त होत नाही.

मापाचा घोळ सर्वांत जास्त होतो. जुन्या सुयांवर इंग्रजी पद्धतीचे नंबर असतात आणि त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५, १२ नंबर म्हणजे २.७५ आणि १४ नंबर म्हणजे २ मिलिमीटर. अमेरिकी नंबर याच्या उलट चालतात. तेथे ३ नंबर म्हणजे ३.२५, ६ नंबर म्हणजे ४ आणि ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. परदेशातील नातेवाइकाने आणलेली ८ नंबरची सुई आणि आजीची ८ नंबरची सुई यांत त्यामुळे एक मिलिमीटरचा फरक पडतो आणि स्वेटरचे माप चुकते. नंबरवर न जाता मिलिमीटर मोजावे. नंबर पुसला गेला असेल तर वर्कशॉपमधील व्हर्नियरने माप मिनिटात कळते, आणि धाटावमध्ये काम करणाऱ्या कोणालाही हे यंत्र अनोळखी नाही.

लोकर खरी की अॅक्रिलिक, हे नुसते हात लावून सांगता येत नाही. धाग्याचा लहान तुकडा चिमट्यात धरून ताटलीवर जाळून पाहावा. शुद्ध लोकर केस जळल्यासारखा वास देते, ज्योत हटविली की विझते आणि तिची राख बोटाने चुरडली जाते. अॅक्रिलिक वितळते आणि त्याचा कडक काळा मणी होतो. कापसाचे सूत कागदासारखे जळते आणि मऊ राख सोडते. विक्रेता प्रामाणिक असेल तर या परीक्षेला तो हरकत घेणार नाही.

स्वेटर उसवताना

जुना स्वेटर घेण्यापूर्वी तो उलटा करून बाजूची शिवण पाहावी. पुढची-मागची बाजू वेगवेगळी विणून नंतर साखळी टाक्याने जोडली असेल तर तो स्वेटर उसवतो आणि सलग धागा मिळतो. कापड कापून ओव्हरलॉक मारलेला असेल तर प्रत्येक ओळीला धागा तुटतो आणि हातात केवळ तुकडे येतात. कसर लागलेला, कोपर झिजलेला किंवा धुऊन आटून नमद्यासारखा झालेला स्वेटरही निरुपयोगी.

आधी शिवण काढावी. मग ज्या टोकाला वीण बंद केली आहे तेथून उसवण्यास सुरुवात करावी. निघणारा धागा खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करावी आणि ती चार ठिकाणी सैल बांधावी. कोमट पाण्यात, सौम्य साबणाने किंवा रिठ्याने धुवावी. चोळू नये, पिळू नये. ओल्या लडीला खाली थोडे वजन लावून सावलीत टांगले की धाग्याचे वळसे सुटतात. हे काम उन्हाळ्यापूर्वीच उरकावे. पावसाळ्यात येथे लोकर सुकत नाही, वास धरते. सुकलेली लोकर कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा डांबरगोळ्या घालून बंद डब्यात ठेवावी.

यात कमीपणा काही नाही. दुसऱ्या महायुद्धात, जून १९४१ पासून ब्रिटनमध्ये कपड्यांवर रेशन आले, तेव्हा जुने लोकरी कपडे उसवून नवे विणण्याचा सल्ला तेथील सरकारच नागरिकांना देत होते. सुखवस्तू घरांनीही तो मानला.

वेळेचाही हिशेब करावा

येथे एक सावधगिरीची सूचना. स्वस्त म्हणून केलेले काम वेळ धरला की महाग पडू शकते. उदाहरण म्हणून धरा की जुना स्वेटर ६० रुपयांना मिळाला आणि त्यातून वापरण्याजोगी ३०० ग्रॅम लोकर निघाली. उसवणे, धुणे, गुंडाळणे यात तीन तास गेले. तासाची किंमत ४० रुपये धरली तर १२० रुपये झाले. साबण वगैरे १० रुपये. एकूण १९० रुपये. आता तोच स्वेटर अॅक्रिलिकचा असेल आणि नवे अॅक्रिलिक १०० ग्रॅमला ७० रुपये पडत असेल, तर ३०० ग्रॅम नवा माल २१० रुपयांत येतो. बचत अवघी २० रुपये. पण स्वेटर शुद्ध लोकरीचा असेल आणि नवी शुद्ध लोकर १०० ग्रॅमला २५० रुपये पडत असेल, तर ७५० रुपयांचा माल १९० रुपयांत हाती आला. आकडे आपापल्या बाजाराचे घालावेत, हिशेबाची रीत हीच ठेवावी. तात्पर्य, अॅक्रिलिक उसवण्यात दुपार घालवू नये. शुद्ध लोकर सोडू नये.

आपल्या बायकांच्या वेळेला किंमत नाही, असे धरूनच घरातील अनेक हिशेब मांडले जातात. नरसापूरच्या व्यापाऱ्यांनीही तेच धरले होते. जिला स्वतःच्या तासाचा भाव माहीत नाही, तिला मजुरीचा भाव मागता येत नाही.

मशीनचा मोह

थोडी मागणी वाढली की मशीन घेण्याचा विचार येतो. तो चूक नाही, पण घाईचा असतो. घरगुती सपाट हातमशीनमध्ये अनेक लॅच सुया एका रांगेत बसविलेल्या असतात आणि कॅरेज फिरविली की ओळ विणली जाते. जपानी बनावटीच्या प्रचलित मशीनमध्ये ४.५ मिलिमीटर अंतरावर २०० सुया असतात. जुने मशीन पाहताना कॅरेज रिकामी फिरवून ती अडखळते का ते पाहावे. प्रत्येक सुईचे लॅच उघडते-मिटते का ते तपासावे. सुया दाबून धरणाऱ्या पट्टीतील स्पंज वर्षांनी दबून जातो, तो बदलावा लागतो. चार-दोन वाकड्या सुया बदलता येतात, पण पाटा वाकला असेल किंवा खाचांत गंज असेल तर सौदा सोडावा. विक्रेत्याने आपल्यासमोर निदान वीस ओळी विणून दाखविल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सुटे भाग कोठे मिळतील, हा प्रश्न किंमत ठरविण्यापूर्वी विचारावा. ब्रदर कंपनीने घरगुती विणकाम मशीन बनविणे केव्हाच बंद केले आहे, त्यामुळे त्याचे भाग जुन्या मशीनमधूनच काढावे लागतात. लुधियाना हे देशातील लोकरी होजिअरीचे केंद्र असल्याने तेथील हातमशीनचे भाग आणि कारागीर मिळणे त्यामानाने सोपे. रोह्यात मशीन बिघडले आणि दुरुस्त करणारा लुधियानात, असे झाले तर ते मशीन घरातील कपाट होऊन बसते. तेव्हा एकटीने मशीन घेण्यापेक्षा तिघी-चौघींनी मिळून घ्यावे, वापराचे दिवस वाटून घ्यावेत आणि कराराचा कागद करावा.

सरकारी योजनांचा विचार करणाऱ्यांनीही नीट चौकशी करावी. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय असून अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आहे. त्यात शिंपीकाम आहे, मासेमारीची जाळी विणणारे आहेत, पण लोकरीचे विणकाम स्वतंत्रपणे नाही. कपडे शिवणारी भगिनी त्यात शिंपी म्हणून बसू शकते. याच योजनेतील कर्जाला ५ टक्के व्याज आहे. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्यांनी अवजारांची मदत आणि कर्ज या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ध्यानात ठेवावे.

दुकानदारांना दोन शब्द

पेण आणि रोहा ही दोन्ही तालुक्याची गावे. आसपासच्या खेड्यांतील माणूस बाजाराला येथेच येतो. सुई-दोरा, बटण, लेस विकणाऱ्या दुकानदाराने एक फळी जुन्या सामानासाठी ठेवली तर त्याला जागा फारशी लागत नाही आणि गिऱ्हाईक बांधले जाते. जुन्या सुया घेऊन शिकलेली मुलगी उद्या नवी लोकर त्याच्याकडूनच घेणार. मालाच्या तीन चिठ्ठ्या कराव्यात : चांगले, दुरुस्तीचे आणि शिकण्यापुरते. प्रत्येकावर माप मिलिमीटरमध्ये लिहावे. आठ दिवसांत परत घेण्याची मुभा द्यावी.

माल विकताना ऐब सांगणे ही आपल्यासाठी केवळ व्यापारी युक्ती नाही; ऐब लपवून विकण्यास शरीअतची मनाई आहे. जुन्या मालाच्या धंद्यात तर हीच खरी पत आहे. गंजलेली सुई गंजलेली म्हणून विकली तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते. उसवलेल्या लोकरीचा स्वेटर विकणाऱ्या भगिनीनेही ही गोष्ट गिऱ्हाइकाला सांगून टाकावी.

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी ठेवाव्यात. यंत्र विकत घेताना विक्रेत्याचे नाव, पत्ता, ओळखपत्राची प्रत आणि सही घ्यावी. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून किंवा तसे मानण्यास कारण असून तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. दुसरे, जे दुकानदार जीएसटीत नोंदलेले आहेत त्यांना जुन्या वस्तूंच्या व्यापारात नियम ३२(५) चा लाभ घेता येतो. खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतलेले नसेल आणि वस्तूचे रूप बदललेले नसेल, तर कर पूर्ण विक्रीवर न लागता खरेदी-विक्रीच्या फरकावर लागतो. आपल्या कर सल्लागाराला एवढे दाखविले तरी पुरे.

एक आक्षेप

कोणी म्हणेल, कारखान्यात तयार झालेले स्वेटर रस्त्यावर इतके स्वस्त मिळत असताना हाताने विणलेले कोण घेणार? आणि कोकणात थंडी तरी किती? आक्षेप खरा आहे, म्हणूनच सरसकट मोठ्यांचे स्वेटर विणत बसू नये. मागणी आहे ती ज्या वस्तू यंत्रावर नीट होत नाहीत त्यांची : क्रोशाचे रुमाल आणि तोरणे, जाळीच्या टोप्या, मापाने सांगून घेतलेला बाळाचा जोड. त्यातही क्रोशा यंत्रावर खऱ्या अर्थाने विणता येत नाही, हे विणणारीच्या हातातील मोठे बळ आहे. शिवाय कोकणी मुस्लिम कुटुंबे केपटाऊनपासून इंग्लंडपर्यंत पसरलेली आहेत. आपल्याकडे पाऊस कोसळत असतो तेव्हा केपटाऊनला हिवाळा असतो. गावच्या हाताने विणलेली वस्तू त्यांना घरची आठवण म्हणून हवी असते. तेथून येणाऱ्यांनी जुन्या सुया आणाव्यात आणि जाताना येथला माल न्यावा, हा व्यवहार दोघांच्याही सोयीचा आहे.

पावसाळा संपला की येत्या हंगामाची तयारी सुरू होईल. त्याआधी दहा-पंधरा घरांतील ट्रंका उघडल्या, त्यातील सुया मोजून मापाप्रमाणे लावल्या आणि एखाद्या दुकानदाराने फळीची जागा दिली, तरी पेण-रोह्यात हे काम उभे राहील. त्यासाठी कर्जाचा अर्ज लागत नाही आणि ठेकेदाराच्या दारात उभेही राहावे लागत नाही. कोणी तरी सुरुवात केली पाहिजे, आणि ती करण्याइतकी माणसे या दोन गावांत खात्रीने आहेत.